जाहिरात लिहायला शिकायचंय? आधी विकायला वस्तू घ्या, मग पुस्तक उघडा

पाच वर्षांपूर्वी माझ्या मावसभावाने सांगलीजवळ लाकडी घाणा टाकला. "ताई, तू ती जाहिरातीची पुस्तकं वाचतेस ना, मग एक पत्रक लिहून दे की," म्हणाला. मी लिहून दिलं: 'शुद्ध, सात्त्विक, पारंपरिक पद्धतीने काढलेले आरोग्यदायी शेंगदाणा तेल. एकदा अवश्य भेट द्या.' हजार प्रती छापल्या, पेपर टाकणाऱ्या पोरांकडून घरोघर पोचवल्या. फोन आला एक. तोही पेंड मिळेल का विचारायला.

त्या वेळी माझ्या कपाटात मार्केटिंग आणि कॉपीरायटिंगची चौदा पुस्तकं होती. नऊ पूर्ण वाचलेली, पिवळ्या मार्करने रंगवलेली. आणि तरीही त्या पत्रकात एक वाक्य असं नव्हतं, जे पुढच्या गावच्या घाणेवाल्याला स्वतःचं नाव घालून जसंच्या तसं छापता आलं नसतं. पुस्तकांचा दोष नव्हता. मी ती कादंबरीसारखी वाचत होते. शेवट आला की मिटायची आणि पुढचं मागवायचं.

नंतर पद्धत बदलली. पुस्तकं कमी केली, हाताशी एक खरी वस्तू ठेवली आणि प्रत्येक पुस्तक त्या वस्तूतून गाळून घेतलं. ज्यांना स्वतःचा धंदा चालवायचा आहे, किंवा दुसऱ्यांसाठी जाहिराती लिहून पोट भरायचं आहे, त्यांच्यासाठी ती पद्धत सांगते.

सुरुवात: वस्तू निवडा, वही घाला

वस्तू कुठलीही चालेल. बहिणीचा डब्यांचा व्यवसाय, सोसायटीतल्या काकूंच्या पुरणपोळ्या, तुमचा स्वतःचा गणिताचा क्लास. अटी तीनच. ती तयार होताना तुम्हाला जाऊन बघता आली पाहिजे, तिच्या गिऱ्हाइकांशी बोलता आलं पाहिजे, आणि तुम्ही लिहिलेलं मालकाने खरोखर छापलं किंवा पाठवलं पाहिजे. मोठ्या ब्रँडची 'सरावासाठी' खोटी जाहिरात लिहिण्यात मी एक वर्ष घालवलं. ती कुणी नाकारत नाही, म्हणून तिच्यातून काही शिकायलाही मिळत नाही.

मग दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर पुस्तकातला मुद्दा, एका ओळीत आणि मराठीत. इंग्रजी वाक्य उतरवून काढू नका; मराठीत सांगता येत नसेल तर तो तुम्हाला कळलेला नाही. उजव्या पानावर त्याच मुद्द्याचं तुमच्या वस्तूसाठी काय होतं ते. उजवं पान कोरं राहिलं तर पुढचं प्रकरण वाचायचं नाही. माझी पहिली वही भरायला सात महिने लागले.

पुस्तकं सहा पुरतात, लेखकांच्या नावाने सांगायचं तर: हॉपकिन्स, केपल्स, ओगिल्वी, श्वार्ट्झ, चाल्डिनी आणि हीथ बंधू. याच क्रमाने. सगळी मूळ इंग्रजीत आहेत. इंग्रजी जड जात असेल तर हॉपकिन्स आणि ओगिल्वी आधी धरा, दोघांची भाषा सोपी आहे. सगळी नवी विकत घेण्याचीही गरज नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ओगिल्वी आणि चाल्डिनी बऱ्याचदा सापडतात.

पायरी १: हॉपकिन्स, आणि 'हे तर सगळेच करतात'

क्लॉड हॉपकिन्स या अमेरिकन जाहिरातलेखकाचं 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' १९२३ सालचं. पुस्तक लहान आहे, दोन बैठकांत संपतं. पैसेही लागत नाहीत: लेखक १९३२ मध्ये गेले, आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे नेटवरून उतरवून घ्यायला अडचण नाही. हे पुस्तक सात वेळा वाचल्याशिवाय कुणाला जाहिरातीला हात लावू देऊ नये, असं जाहिरातलेखक ओगिल्वी म्हणायचे. सात जरा जास्त होतात, पण तीनदा तरी वाचाच.

हॉपकिन्सचं म्हणणं थोडक्यात असं: जाहिरात म्हणजे छापील विक्रेता. दुकानात उभ्या असलेल्या विक्रेत्याने जे बोलू नये, ते जाहिरातीतही छापू नये. 'सर्वोत्कृष्ट', 'अप्रतिम' असली विशेषणं गिऱ्हाइकाच्या कानावरून निघून जातात. नेमकी माहिती मात्र आत शिरते.

त्यांचा सगळ्यात उपयोगी किस्सा त्यांच्या आठवणींच्या पुस्तकात आहे, १९२७ च्या. श्लिट्झ नावाच्या अमेरिकन बिअर कंपनीचं काम त्यांच्याकडे आलं. तेव्हा सगळ्याच कंपन्या 'शुद्ध बिअर' म्हणून ओरडत होत्या. हॉपकिन्स कारखाना बघायला गेले. पाण्यासाठी खणलेल्या खोल विहिरी, गाळलेली हवा सोडलेल्या काचेच्या खोल्या, वाफेने धुतल्या जाणाऱ्या बाटल्या हे सगळं बघून त्यांनी विचारलं, हे लोकांना का सांगत नाही? मालक म्हणाले, सगळेच असं करतात. हॉपकिन्स म्हणाले, पण सांगत कुणीच नाही. त्यांनी ते सांगितलं आणि कंपनी वर आली.

हे वाचून मी एका रविवारी घाण्यावर जाऊन बसले. दाणे निवडले जात होते. खवट आणि काळे दाणे वेगळ्या टोपलीत पडत होते. घाण्यातून निघालेलं तेल टाकीत ओतलं. "आता गाळणार का?" विचारलं तर भाऊ म्हणाला, "छे, चार दिवस निवळू द्यायचं, मग कापडातून." एक लिटर तेलाला दाणे किती, तर सव्वादोन ते अडीच किलो. "मग हे तू लोकांना सांगत का नाहीस?" त्यावर त्याचं उत्तर तेच: "अगं ताई, सगळे घाणेवाले हेच करतात की. त्यात सांगायचं काय?"

उजवं पान त्या दिवशी पहिल्यांदा भरलं.

या युक्तीला एक वाईट जुळं भावंड आहे, तेही ओळखून ठेवा. तेलाच्या पाकिटावर 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल. वनस्पतीच्या कुठल्याही तेलात कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच. विधान खरं, पण वाचणाऱ्याला वाटतं की शेजारच्या पाकिटात ते असणार. श्लिट्झच्या आणि या प्रकारातली रेघ बारीक आहे. मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: हे वाचून गिऱ्हाइकाला वस्तूबद्दल जास्त कळलं, की दुसऱ्याच्या वस्तूबद्दल खोटं कळलं?

पायरी २: केपल्स आणि पंचवीस हेडलाइनी

जॉन केपल्स यांनी १९२० च्या दशकात टपालाने संगीत शिकवणाऱ्या एका संस्थेची जाहिरात लिहिली. मी पियानोपाशी बसलो तेव्हा सगळे हसले, पण मी वाजवायला सुरुवात केली आणि... अशा अर्थाचं तिचं शीर्षक होतं. त्या साच्यावर जगभर इतक्या जाहिराती निघाल्या की साचा आता झिजला आहे. तो उचलू नका. शिकायचं ते केपल्स यांच्या १९३२ च्या 'टेस्टेड ॲडव्हर्टायझिंग मेथड्स'मधून. कुठली हेडलाइन चालली आणि कुठली पडली, याचे हिशेब या माणसाने आयुष्यभर ठेवले.

त्यांच्या मते चालणाऱ्या हेडलाइनी तीन जातींच्या. वाचणाऱ्याचा फायदा सांगणाऱ्या, नवी बातमी देणाऱ्या आणि कुतूहल चाळवणाऱ्या. यांत पहिली जात सगळ्यात दणकट, आणि नुसतं कुतूहल सगळ्यात लटकं. आज मोबाइलवर नेमका उलटा बाजार आहे. सगळीकडे 'पुढे काय झालं ते वाचून थक्क व्हाल.' लोक क्लिक करतात, पण विकत घेत नाहीत.

सराव असा करा. तुमच्या वस्तूसाठी एका बैठकीत पंचवीस हेडलाइनी लिहा. मोजून पंचवीस, वीसवर उठायचं नाही. पहिल्या दहा सगळ्यांना सुचतात त्याच असतात. माझ्या पहिल्या दहांत 'आजीच्या हातची चव', 'निसर्गाची देणगी' आणि (लिहायलाही लाज वाटते) 'तेल नव्हे, अमृत' होतं. पंधरानंतर डोकं रिकामं झालं आणि मग खरंखुरं काही यायला लागलं. सतरावी होती: 'एक लिटर तेलात अडीच किलो दाणे असतात.' बाविसावी: 'रविवारी या, तुमच्यासमोर तेल काढून दाखवतो.'

दोन दिवस वही मिटून ठेवा. मग प्रत्येक ओळीखाली स्पर्धकाचं नाव घालून वाचा. त्याच्या नावाखालीही जी ओळ तेवढीच शोभते, ती खोडा. माझ्या पंचवीसांतल्या चार उरल्या.

पायरी ३: ओगिल्वी, म्हणजे लिहिण्याआधीचं काम

डेव्हिड ओगिल्वी यांची जाहिरातीवरची दोन पुस्तकं धरा: १९६३ चं 'कन्फेशन्स ऑफ ॲन ॲडव्हर्टायझिंग मॅन' आणि १९८३ चं 'ओगिल्वी ऑन ॲडव्हर्टायझिंग'. एकच घ्यायचं तर दुसरं घ्या. त्यात जाहिरातींची चित्रं आहेत. भाषा मोठी झोकदार आहे, त्यामुळे वाचताना सगळंच पटत जातं, हा त्यातला धोका. घरखर्च बाईच ठरवते, पेपर सगळेच वाचतात अशी बरीच गृहीतकं त्या काळच्या अमेरिकेतली आहेत. त्यांचे फॉन्टचे नियम आजच्या मोबाइलला आणि देवनागरीला जसेच्या तसे लावू नका.

घ्यायचं ते त्यांची कामाची सवय. १९५८ ची रोल्स-रॉइसची जाहिरात लिहिण्याआधी त्यांनी तीन आठवडे त्या गाडीबद्दल नुसतं वाचलं. ताशी ६० मैल वेगातही गाडीत सगळ्यात मोठा आवाज असतो तो घड्याळाचा, ही जगप्रसिद्ध ओळ त्यांना सुचलेली नाही. ती वाचता वाचता सापडली.

त्यांनी त्याहून आधी, १९३५ मध्ये, आगा नावाच्या शेगड्या विकणाऱ्यांसाठी एक पुस्तिका लिहिली होती. ते स्वतः स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून या शेगड्या विकत. पुस्तिकेचे दोन भाग आहेत, चढाई आणि बचाव. बचावाच्या भागात गिऱ्हाईक काय काय आडवं लावेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते आहे. नेटवर शोधली तर मिळते. माझ्या मते दोन्ही जाड पुस्तकांपेक्षा नवशिक्याने आधी ही वाचावी.

मी भावाकडून जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर घेतले आणि बारा जणांना फोन केले. 'तेल आवडलं का?' असं विचारायचं नाही, सगळे हो म्हणतात. विचारायचं असं: पहिल्यांदा घेतलंत तेव्हा घरात कोण काय म्हणालं? परत घेताना कधी कचरलात का? आणि ऐकताना त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आपल्या भाषेत सुधारून नव्हे. एक बाई म्हणाल्या, "भजी तळायला घातली तर नुसता फेस फेस झाला. कढई उतू गेली. मला वाटलं साबणच मिसळलाय की काय." दुसऱ्या म्हणाल्या, "तळाशी गाळ बसला होता. सासूबाई म्हणाल्या, भेसळ आहे, टाकून दे."

घाण्याच्या तेलाची खासियत मला वाटत होती सुवास. गिऱ्हाइकाच्या घरात भांडण चाललं होतं फेस आणि गाळ यांवर! भावाला सांगितलं तर म्हणाला, "हां, डबे परत येतात त्यापायी. मी बदलून देतो, गप बसतो."

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आहे आणि बहुतेक जण तीच गाळतात. गाळू नका. सहाही पुस्तकं वाचून मला जे लिहायला जमलं नसतं, ते त्या दोन बायकांनी फोनवर सांगितलं.

पायरी ४: हाताने उतरवून काढणं, पण मराठीतलं

इंग्रजी पुस्तकं आणि त्यावरचे व्हिडिओ सांगतात, जुन्या गाजलेल्या जाहिराती रोज हाताने उतरवा. सल्ला चांगला आहे. लिहिता लिहिता वाक्याची लांबी हाताला कळते. पण सहा महिने इंग्रजी जाहिराती उतरवल्या की मराठी जाहिरात अशी होते: 'तुम्ही केसगळतीने त्रस्त आहात का? आता काळजी करू नका! सादर करत आहोत...' हे मराठी नाही. अशी मराठी घरात कुणी बोलत नाही, म्हणून ती कुणी ऐकतही नाही.

त्यासाठी उतरवायला आपल्याकडचं घ्या. १९७३ मध्ये सुरू झालेल्या कालनिर्णयची 'भिंतीवरी कालनिर्णय असावे' ही ओळ घ्या. तिच्यात फायदा नाही, भाव नाही, विशेषणही नाही. पण 'भिंतीवरी' आणि 'असावे' या दोन शब्दांनी ती घरातल्या वडीलधाऱ्याच्या सांगण्यासारखी वाटते. 'भिंतीवर कालनिर्णय हवंच' असं करून बघा, जीव गेला. जुने दिवाळी अंक मिळाले तर त्यांतल्या छोट्या जाहिराती उतरवा, लग्नपत्रिका उतरवा, एसटी स्टँडवरच्या फेरीवाल्यांच्या आरोळ्या लिहून काढा. आणि गद्यासाठी लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. साधं, बोलतं वाक्य किती पुढे नेता येतं याचा त्याहून चांगला धडा मला कुठल्या मार्केटिंगच्या पुस्तकात सापडला नाही.

पुण्याच्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी तर चार शब्दांत एक अख्खं पुस्तक आहे. आम्ही अस्सल, बाकीचे नकली, माल इथेच मिळतो, तेव्हा तुम्ही या. आणि हे सगळं एक शब्दही फुशारकी न मारता. लोक पुणेरीपणा म्हणून हसतात आणि रांगेत उभे राहतात.

आणखी एक गोष्ट इंग्रजी पुस्तकं शिकवूच शकत नाहीत. तू, तुम्ही की आपण? इंग्रजीत एकाच शब्दात भागतं. मराठीत 'आपण' लिहिलं की बँकेची नोटीस वाटते आणि 'तू' लिहिलं की वीस वर्षांच्या पोरांचं ॲप. घरगुती मालाला 'तुम्ही' ठीक. एकदा ठरवलं की शेवटच्या ओळीपर्यंत तेच ठेवा. 'तुम्ही या, आपले स्वागत आहे' अशी खिचडी पत्रकांवर रोज दिसते.

पायरी ५: श्वार्ट्झ, फक्त पहिली तीन प्रकरणं

युजीन श्वार्ट्झ यांचं १९६६ चं 'ब्रेकथ्रू ॲडव्हर्टायझिंग' महाग आहे आणि अवघडही. आयुष्यभर लिहिणार असाल तरच विकत घ्या. पण पहिल्या तीन प्रकरणांतला विचार सगळ्यांनी समजून घ्यावा.

एक: जाहिरात इच्छा निर्माण करत नाही, लोकांच्या मनात असलेल्या इच्छेला ती आपल्या वस्तूकडे वळवते. पाटाचं पाणी वळवतो तसं.

दोन: वाचणाऱ्याला आधीच किती माहीत आहे, त्यावर पहिली ओळ ठरते. श्वार्ट्झ याच्या पाच पायऱ्या सांगतात. तेलाच्या भाषेत सांगते. ज्याला घाण्याचं तेल माहीत आहे, आपला घाणाही माहीत आहे आणि डबा संपत आला आहे, त्याला कथा नको. 'नवं तेल निघालं, डब्याचा भाव अमुक' एवढा व्हॉट्सॲप पुरे. ज्याला आपला घाणा माहीत आहे पण मन होत नाही, त्याच्या शंका आधी सोडवा. ज्याला घाण्याचं तेल हवं आहे पण आपण माहीत नाही, त्याला आपल्याकडे वेगळं काय ते सांगा. ज्याला फक्त एवढंच जाणवतं की हल्लीच्या तेलाला वास नाही, चव नाही, तिथे सुरुवात त्या तक्रारीपासून करा. आणि ज्याला तेलाबद्दल काही वाटतच नाही, त्याच्यामागे गावातल्या घाणेवाल्याने पैसे घालू नयेत.

माझं पहिलं पत्रक नेमकं त्या शेवटच्या माणसाला लिहिलं होतं.

तीन: बाजारात तोच दावा कितव्यांदा केला जातो आहे? पहिला घाणेवाला 'शुद्ध' म्हणाला तेव्हा ते चाललं. दहावा म्हणतो तेव्हा नुसत्या दाव्याला अर्थ राहत नाही. शुद्ध कसं, ते दाखवावं लागतं.

पायरी ६: चाल्डिनी आणि हीथ बंधू

ही दोन पुस्तकं मजेत वाचून होतात, त्यामुळे फार थांबत नाही.

रॉबर्ट चाल्डिनी मानसशास्त्राचे प्राध्यापक. 'इन्फ्लुअन्स' १९८४ चं. ते लिहिण्याआधी हा माणूस जवळजवळ तीन वर्षं ओळख लपवून विक्रेत्यांच्या प्रशिक्षणांत जाऊन बसला. देवघेव, दिलेल्या शब्दाला जागणं, चार लोक करतात ते करणं, आवड, अधिकार आणि टंचाई अशी सहा सूत्रं त्यात आहेत. मंडईत भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते, ते पहिलं सूत्र. आपल्याला नवीन असतं ते फक्त नाव.

टंचाईच्या सूत्राबाबत मात्र सावध राहा, कारण नवशिके पहिलं तेच उचलतात. 'शेवटचे ५ डबे!' असं रोज लिहायचं आणि रोज डबे असायचेच. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकांची फसवणूक करणाऱ्या १३ 'डार्क पॅटर्न'विरुद्ध नियमावली आली. तिच्यात खोटी घाई हा प्रकार पहिलाच आहे. खाण्याच्या वस्तूने मधुमेह बरा होतो वगैरे लिहिण्याच्या भानगडीत तर पडूच नका. त्यासाठी १९५४ पासून कायदा आहे. घाण्याला टंचाई खोटी आणावीच लागत नाही. चार दिवस निवळायला लागतात, म्हणून शनिवारी सांगितलं तर रविवारी मिळत नाही. खरी टंचाई कारणासकट सांगितली की पुरते.

चिप आणि डॅन हीथ यांच्या २००७ च्या 'मेड टू स्टिक'मधला एक प्रयोग आज घरी करून बघा. गणपतीच्या आरतीची चाल टेबलावर बोटांनी वाजवा, शब्द न उच्चारता, आणि समोरच्याला ओळखायला सांगा. तुमच्या डोक्यात टाळ-झांजा वाजत असतात. त्याला नुसती टकटक ऐकू येते. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्डला असाच प्रयोग केला होता: वाजवणाऱ्यांना वाटलं निम्मी गाणी ओळखली जातील, १२० पैकी ओळखली गेली ३. 'कच्ची घाणी' हे शब्द मालकाच्या डोक्यात अख्खं गाणं असतं. वाचणाऱ्याला टकटक.

मग पत्रक लिहा, आणि मोजा

या सगळ्यानंतर दुसरं पत्रक झालं ते असं:

'डब्याच्या तळाशी गाळ दिसला तर डबा परत आणू नका.

तेल निघाल्यावर आम्ही ते चार दिवस निवळू देतो आणि कापडातून गाळतो. तरी दाण्याचा बारीक अंश राहतो, तो हळूहळू तळाशी बसतो. पहिल्यांदा तळताना फेसही येईल. कढई अर्धीच भरा, आच मध्यम ठेवा. एक लिटर तेलाला सव्वादोन ते अडीच किलो दाणे लागतात, म्हणून भाव पाकिटापेक्षा जास्त आहे. रविवारी सकाळी घाणा चालू असतो. या, बघा, गरम पेंडेचा तुकडा गुळाबरोबर खाऊन जा.'

भाऊ वाचून गप्प झाला. मग म्हणाला, "ताई, आपल्याच मालाची बदनामी छापायची?" वाद मिटेना, तेव्हा हॉपकिन्सचाच उपाय केला. ते कूपनांवर वेगवेगळ्या खुणा छापत आणि कुठल्या जाहिरातीतून कूपन आलं ते मोजत. आम्ही गाळाचं पत्रक आणि भावाच्या पसंतीचं 'आजीच्या हातची चव' वालं पत्रक, दोन्ही सारख्याच संख्येने छापली. एकावर लिहिलं, फोनवर 'गाळ' म्हणा, पाव किलो पेंड भेट. दुसऱ्यावर, 'आजी' म्हणा, पाव किलो पेंड भेट.

मोजताना तीन गोष्टी सांभाळा. दोन्ही पत्रकं एकाच दिवशी, त्याच भागात गेली पाहिजेत. गठ्ठा एक आड एक लावून पेपरवाल्याला द्या. एक पत्रक बंगल्यांत आणि दुसरं चाळीत गेलं तर तुम्ही वस्ती मोजता, पत्रक नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला. आमचं पहिल्यांदा इथेच चुकलं, शीर्षकाबरोबर कागदाचा रंगही बदलला होता, म्हणून सगळं परत करावं लागलं. आणि सात फोन विरुद्ध नऊ फोन याला जिंकणं म्हणू नका, तो योगायोगही असतो. फरक दुपटीसारखा उठून दिसला तर धरा, नाहीतर पुन्हा टाका.

पत्रकं छापायची नसतील तर व्हॉट्सॲपच्या दोन ब्रॉडकास्ट याद्या करा. एका यादीत २५६ जण बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच संदेश पोचतो. नावं एक आड एक वाटा, म्हणजे जुनी आणि नवी गिऱ्हाइकं दोन्हीकडे सारखी येतील.

दुसऱ्या फेरीत 'गाळ' म्हणणारे 'आजी' म्हणणाऱ्यांपेक्षा उघड जास्त निघाले. भावाने पत्रकातली पहिली ओळ रंगाऱ्याकडून दुकानाच्या पाटीवर काढून घेतली, मला न विचारता. डबे परत येणं जवळपास थांबलं.

आता भांडण किमतीच्या ओळीवर आहे. भाऊ म्हणतो, पत्रकावर डब्याचा भाव छापायचा नाही, आकडा बघूनच लोक फोन करणार नाहीत. मी म्हणते, छापायचा, म्हणजे फुकटचे फोन येणार नाहीत. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दोन्ही पत्रकं एक आड एक लावून जाणार आहेत. या खेपेला कागद दोन्हींचा पांढरा.